राजमाचीला जीप न्यायची तर

पावसाने उघडीप दिली की मावळातली तरुण मंडळी दोन-तीन जीपा जुळवून राजमाचीला निघतात. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंत सुमारे १५-१६ किलोमीटर. वाट बरीचशी कच्ची, मध्ये ओढे. एकट्या गाडीने जाऊच नये. रुतलेली गाडी दुसरीने ओढायची, म्हणून दोर जाडजूड हवा. बैलाचा कासरा इथे कामाचा नाही. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उसळतो, तेव्हा माणसे लांब उभी करावीत. फावडे, दोन फळ्या, जादा चाक बरोबर असावे. चाकातली हवा थोडी कमी केली की चिखलात पकड येते. परत भरायला पंप मात्र विसरू नका!

ओढा गढूळ होऊन चढू लागला तर थांबावे. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली.

आणखी एक. उधेवाडीकर आजारी माणूस, अडलेली बाई याच वाटेने लोणावळ्याला आणतात. तुमच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्या, तर तिथे दगड भरा आणि मगच पुढे निघा.