मेडिकलच्या काउंटरवरचा मोबाइल आणि रोजेदाराची साखर

रमजान लागला की जळगाव-धुळ्यातल्या मेडिकलवाल्यांना एक प्रश्न ठरलेला असतो. ‘भाई, सकाळची साखरेची गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारला?’ हा प्रश्न खरा डॉक्टरांचा. पण तिथे नंबर लावायचा, फी भरायची, शिवाय डॉक्टर रोजाच बंद करायला सांगतील ही धास्ती. म्हणून तो काउंटरवर येतो. मागे पाच गिऱ्हाइके उभी असताना अर्ध्या मिनिटात त्याचे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरावर महिना निघतो.

यातला धोका समजून घेतला पाहिजे. एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नाही. ही गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, मग पोटात अन्न असो वा नसो. नेहमीचा डोस सहेरीला घेतला, तर दुपारनंतर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि बोलण्यात गोंधळ सुरू होऊ शकतो. घरचे म्हणतात, रोजा लागला. २००१ मध्ये १३ देशांत, बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप-२ मधुमेहींमध्ये साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसातपट वाढल्याचे तिच्यात दिसले. त्यांतले ७९ टक्के लोक तरीही रोजे ठेवत होते.

धर्माने आजाऱ्याला सवलत दिली आहे. सूरह बकराच्या १८४ व १८५ या आयतींत सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची आणि ज्याला ते झेपणार नाही त्याने गरिबाला जेवण देण्याची वाट आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. तरी असंख्य घरांत ग्लुकोमीटर महिनाभर कपाटात बंद राहतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेत तर स्पष्ट म्हटले आहे, की साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा. हा आकडा प्रत्येक मधुमेही रोजेदाराला पाठ हवा.

तो पाठ करून देणारा माणूस गल्लीतच बसलेला आहे. डॉक्टर तीन-चार महिन्यांतून भेटतात, मेडिकलवाला दर महिन्याला. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन औषध घरपोच पाठवण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावीही रुळली आहे. म्हणजे नंबर आहे, औषधाची माहिती आहे, ओळखही आहे. त्याच मोबाइलवरून दुपारी ‘साखर तपासली का?’ एवढा निरोप आणि असरच्या नमाजच्या सुमारास दुसरा गेला, तर खर्च काहीच नाही. आलेला आकडा वाईट असेल तर फोन करून डॉक्टरांकडे पाठवायचे. डोस बदलणे हे मात्र फार्मासिस्टचे काम नाही.

अशा निरोपांचा उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांवर दोन वर्षे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइलवर नियमित संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. सेनेगलने तर २०१४ मध्ये खास रमजानसाठीच मधुमेहींना संदेश पाठवले. हे प्रयोग मेडिकल दुकानांनी केलेले नव्हते, हे खरे. पण औषधाबाबत रुग्णाला समजावून सांगणे ही फार्मासिस्टची जबाबदारी असल्याचे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत आहेच. ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभरातील औषध विक्रेत्यांनी बंद पाळला होता. कुरिअरवाला जे देऊ शकत नाही ते काउंटरवरून मिळू लागले, तर गिऱ्हाईक कशाला तुटेल?

अडचणी आहेतच. अनेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि काउंटरवर दुसराच कोणी. त्याच्या हाती हा मोबाइल देण्यात अर्थ नाही. आजीच्या औषधाचा नंबर मुलाचा असतो आणि मुलगा दिवसभर एमआयडीसीत. लेखी निरोप वाचता येत नसेल तर उर्दूत किंवा अहिराणीत आवाजी निरोप पाठवावा. सगळ्या रुग्णांचा एकच ग्रुप मात्र करू नये. लग्नाच्या मुलीला साखर आहे हे मोहल्ल्याला कळण्याचे कारण नाही. शिरपूरसारख्या ठिकाणी मोठे फार्मसी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी असे चांगले आवाजी निरोप तयार केले, तर दुकानदाराचे अर्धे काम हलके होईल.

हे फक्त रोजेदारांपुरते नाही. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, केळी खाऊन साखर चढवून घेणारे आणि नवरात्रात गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणारे याच दुकानांत येतात. इफ्तारच्या ताटातही खजुरासोबत जळगावचे केळे, सरबत आणि भजी असतातच. खजूर एक-दोन, सरबताऐवजी पाणी आणि नंतर दादरची भाकरी-भाजी, एवढा निरोपही पुरेसा आहे.

यंदाचे उरलेले रोजे हाताशी आहेत. पुढच्या वर्षी मात्र पहिला निरोप रजब महिन्यातच जायला हवा, कारण रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे असे तज्ज्ञ सांगतात. आणि एक निरोप ईदच्या दिवसाचा. शिरखुर्म्याच्या गडबडीत कित्येक जण रमजानमधल्याच वेळेने गोळ्या पुढे चालू ठेवतात. मुबारकबादसोबत त्या सकाळी एवढेच विचारावे, की उद्यापासून गोळ्या कोणत्या वेळेला घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारले का?