रिकामी बाटली टाकू नका

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. रुग्ण पावसाळ्यापासूनच येत होते, पण सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली ती वर्तमानपत्रांत मृतांचे आकडे येऊ लागल्यावर आणि शेतकरी कार्यकर्त्यांनी प्रश्न लावून धरल्यावर. मग विशेष चौकशी पथक नेमले गेले. वास्तविक १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ नुसार अशा विषबाधेची खबर देणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. यंत्रणेने स्वतःहून मोजायचे, ते बातमीदारांनी मोजले.

परंतु नुसत्या आकड्याने डॉक्टरांचे काम भागत नाही. नेमके कोणते विष अंगात गेले, हे कळावे लागते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विषाने घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. त्यावर अॅट्रोपिन लागू पडते, आणि रक्तातील कोलिनेस्टरेजच्या तपासणीतून निदानाला आधार मिळतो. डायफेनथियुरॉनवर मात्र नेमका उतारा नाही; लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. मजुराला विचारावे तर तो सांगतो, ‘औषध मारत होतो.’ (विषाला औषध म्हणायची आपली सवयही काही कमी घातक नाही.) पंपात बहुधा दोन-तीन द्रावणे एकत्र केलेली असतात. बाटली बांधावर पडलेली असते किंवा मालकाच्या घरी, आणि केस पेपरवर ‘अज्ञात विष’ एवढेच उरते.

ही त्रुटी उपचारांपुरती राहत नाही. २०२० मध्ये काही संघटनांनी यवतमाळच्या बाधितांच्या वतीने डायफेनथियुरॉन असलेल्या ‘पोलो’ या उत्पादनाबाबत स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. सिंजेंटा कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा वादात सगळी भिस्त कागदावर असते, आणि ज्याच्या कागदावर विषाचे नावच नाही, त्याने काय दाखवायचे?

म्हणून रुग्णासोबत बाटली किंवा तिच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो दवाखान्यात आलाच पाहिजे, आणि त्यावरील नाव केस पेपरवर लिहिल्याची खात्री नातेवाइकांनी करून घ्यावी. ग्रामसभेत आशाताई, सहायक कृषी अधिकारी आणि सरपंच एकत्र बसतात. गावात या हंगामात किती जणांना बाधा झाली, कशाने झाली, हे तिथे विचारता येते. पत्रकारांनीही मृत्यूची वाट न पाहता फवारणी सुरू होताच तालुक्यातील रुग्णांचा आकडा दर आठवड्याला मागावा, विषाच्या नावासह.