शाळा कोणाची – वहीची कीं आईबापांची?

शाळा गांवाची आहे असें सर्वजण म्हणतात. सरकार म्हणतें, पुढारी म्हणतात आणि आम्ही शिक्षकही २६ जानेवारीच्या भाषणांत तेंच म्हणतों. परंतु या बोलण्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. भिंतींस रंग द्यावयाचा असला, संगणक घ्यावयाचा असला, स्नेहसंमेलनाचा मांडव घालावयाचा असला, म्हणजे शाळा गांवाची होते व वर्गणीचें पावतीपुस्तक घरोघर फिरतें. पण “आमच्या पोराला तिसरीत जाऊनही वाचता का येत नाही?” असें एखाद्या आईनें विचारलें, कीं तीच शाळा एका क्षणांत सरकारची होते आणि “वरून तसे आदेश आहेत”, “तें तुम्हांस कळावयाचें नाहीं” अशीं उत्तरें मिळतात. वर्गणी मागतांना गांवाची आणि मत मागावयाची वेळ आली कीं सरकारची, अशी ही शाळा! या दुटप्पीपणाविषयीं चार शब्द स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं, कारण आमच्या शेतकरी-कामकरी बंधुभगिनींपैकीं पुष्कळांस तो कोणी वाचून दाखविलेलाच नाहीं. सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें सरकारी, जिल्हा परिषदेच्या व अनुदान घेणाऱ्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्या सभासदांत निदान पाऊण हिस्सा आईबाप किंवा पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बळ घटकांतील मुलांच्या पालकांस प्रमाणांत जागा मिळाव्यात, असा त्यांत दंडक आहे. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेच्या विकासाचा आराखडा करणें व आलेल्या पैशाच्या खर्चावर नजर ठेवणें, हें या समितीचें काम. आमच्या महाराष्ट्रांत तर अध्यक्ष पालकांतूनच निवडावयाचा; मुख्याध्यापक हा सचिव. ज्या बाईच्या आजीस शाळेच्या पायरीवर कोणी उभें राहूं दिलें नसतें, ती बाई आज कायद्यानें त्याच शाळेच्या समितीची अध्यक्ष होऊं शकते. ही लहानसहान गोष्ट नव्हे!

पण प्रत्यक्षांत काय चालतें? सभेची वेळ सकाळीं अकराची. त्या वेळीं कापूस वेंचणारी आई शेतांत असते. ती सभेस आली तर तिचा दिवसाचा रोज बुडतो. न आली तर “पालक उदासीन आहेत” असा शेरा पडतो. मग सभा झाल्याचें वहींत लिहिलें जातें आणि ती वही एखाद्या मुलाच्या हातीं देऊन घरोघर पाठविली जाते. आई चुलीपुढून उठते, ओले हात पदरास पुसते आणि दाखविलेल्या जागीं सही करते. वर काय लिहिलें आहे तें कोणी वाचून दाखवीत नाहीं. जेथें बाई सभासद असते तेथें पुष्कळदां तिचा नवरा किंवा दीर खुर्चीवर बसतो आणि बाईचें नांव कागदावर बसतें. अशा रीतीनें कायद्यानें दिलेली मालकी एका सहीसरशी काढून घेतली जाते. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घेत असे, त्याची आपण निंदा करितों. मग न झालेल्या सभेवर घेतलेल्या सहीस काय म्हणावें?

येथें आम्हांस महात्मा जोतीराव फुले यांची आठवण होते. सन १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून येतो, पण तिच्या मुलांच्या शिक्षणावर फार थोडा खर्च होतो, हें त्यांनीं खडसावून सांगितलें. त्याच निवेदनांत, प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून तयार करावेत, असेंही त्यांनीं मागितलें. कारण काय? तर असे शिक्षक लोकांत मिळूनमिसळून वागतील आणि त्यांच्या गरजा व इच्छा त्यांस अधिक कळतील. आईबापांशीं बोलणारा शिक्षक पाहिजे, ही मागणी आजकालच्या कोणा साहेबानें काढलेली नाहीं. ती जोतीरावांची आहे.

आज खेड्यापाड्यांतील शाळांत बहुजन समाजाचे शिक्षक जिकडेतिकडे दिसतात. आम्हीही त्यांतलेच. पण पंतोजी गेला तरी पंतोजीपणा गेला काय? आमच्यापैकीं कित्येकजण तालुक्याच्या गांवीं राहतात, सकाळीं मोटारसायकलवर येतात, सायंकाळीं परत जातात. ज्या वस्तींतून मुलें येतात ती वस्ती त्यांनीं वर्षांतून एकदांही पाहिलेली नसते. अडाणी बापाशीं बोलतांना स्वर आपोआप चढतो, आणि सरपंचाशीं बोलतांना तोच स्वर उतरतो. जुनी भिक्षुकशाही ज्ञान आपल्या घरांत कोंडून ठेवीत होती म्हणून आमच्या वाडवडिलांनीं तिच्याशीं झगडा केला. त्यांच्या नातवांनीं शिक्षक होऊन तीच कडी आंतून लावावी, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

यावर आमचे शिक्षकबंधू दोन आक्षेप घेतील, आणि ते ऐकून घेतलेच पाहिजेत. पहिला असा कीं, शिक्षकास वेळ आहे कोठें? कायद्याच्या २७ व्या कलमानें जनगणना, आपत्ति-निवारण व निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामास शिक्षकास लावतां येत नाहीं. तरी माहिती भरण्याचें आणि फोटो चढविण्याचें काम संपत नाहीं. ही तक्रार अगदीं खरी आहे. पण ती ऐकणार कोण? एकटा शिक्षक बोलला तर त्यास नोटीस मिळते. तेंच समितीनें ठराव करून कळविलें तर त्यास वजन येतें. ज्या पालकांस आपण दूर ठेवितों तेच आपली ढाल आहेत.

दुसरा आक्षेप असा कीं, पालक आले म्हणजे गांवचें राजकारण शाळेंत येतें, आणि तक्रारीचा उपयोग हाडवैर काढण्यास होतो. हेंही कांहीं ठिकाणीं खरें आहे. पण राजकारण अंधारांत वाढतें. चार लोकांच्या बैठकींत जी भानगड शिजते ती चाळीस आयांच्या सभेंत शिजत नाहीं. दरवाजा लावून घेणें हा रोगाचा उपाय नव्हे. सगळे दरवाजे उघडणें हाच उपाय.

याचें एक उदाहरण आमच्या पाहण्यांतलें आहे. आमच्या बाजूच्या एका शाळेंत समितीची सभा रात्रीं आठ वाजतां वस्तींतल्या समाजमंदिरांत भरविली होती. आम्हीही तेथें होतों. मजुरी करणारी एक विधवा बाई उठली आणि म्हणाली, “गुरुजी, तुमच्या कागदावर माझ्या पोराला ‘अ’ श्रेणी हाय. घरी त्याला दुकानाची पाटी वाचता येईना. खोटं कोण, पोरगं का कागद?” सभा चिडीचूप झाली. मुख्याध्यापक समंजस होते. त्यांनीं तो प्रश्न तसाच वहींत लिहून घेतला. पुढच्या महिन्यापासून सभेंत पांच-सहा मुलांनीं आईबापांसमोर उभें राहून धडा वाचावयाचा, असें ठरलें. आईस वाचतां येत नसलें म्हणून काय झालें? आपलें पोर अडखळतें कीं सरळ वाचतें, हें तिच्या कानास कळतें. पोराचें शिक्षण तपासण्यास आईबाप नालायक आहेत, असें म्हणणाऱ्यांस याहून चोख उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां पालकांसही दोन शब्द. “गुरुजी, पोरगं तुमचंच समजा, हाणा पण शिकवा,” असें म्हणून मोकळें होणें ही श्रद्धा नव्हे, ही जबाबदारीची टाळाटाळ आहे. आणि मुलास मारणें तर कायद्यानेंच बंद आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हां मुलास शाळेंत न धाडणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. तेव्हां सक्ती आईबापांवर होती. २००९ च्या कायद्यांत सक्ती सरकारावर आहे: मुलास शाळा, शिक्षक व शिक्षण देणें हें सरकारचें बंधन आहे. बंधन ज्याच्यावर, जाब त्यास विचारावयाचा. मग मान खालीं कशाला घालतां? मुलाच्या हक्काविषयीं लेखी तक्रार ३२ व्या कलमाखालीं स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेकडे करितां येते, आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे.

जी तक्रार सभेंत तोंडानें बोलली जात नाहीं ती नाहींशी होत नाहीं. ती सकाळीं पिवळ्या गाडींत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जाते. ज्यास फी परवडते त्याचें मूल आधीं जातें, मग उसनवारी करणाऱ्याचें जातें. मागें उरतात मजुरांचीं, दलितांचीं, भटक्यांचीं मुलें आणि बहुतेक घरच्या मुली. पट उतरतो, आणि पट उतरला म्हणून शाळा बंद करण्याचा हुकूम निघतो. २०१७ सालीं कमी पटाच्या सुमारें १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय या राज्यांत झाला होता, हें कोणी विसरूं नये. न ऐकलेल्या आईच्या प्रश्नाची किंमत शेवटीं सर्वांत गरीब मूल भरतें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. सभा मजुरी सुटल्यावर, सायंकाळीं भरवा. आणि सर्व जातींच्या बायांस संकोच न वाटतां येतां येईल अशाच जागीं भरवा. निरोप नुसता मोबाईलवर टाकूं नका. दवंडी द्या, मुलांच्या तोंडीं सांगा. मागच्या सभेचा वृत्तांत आणि पैशाचा हिशेब सोप्या मराठींत मोठ्यानें वाचा व फळ्यावर लिहा. खिचडी आयांनीं चाखावी; मुलींच्या संडासांत पाणी आहे कीं नाहीं हें आयांनीं पाहावें. प्रत्येक तक्रार लिहून घ्या आणि तिचें काय झालें तें पुढच्या सभेंत सांगा. ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांची एक सभा कोयता बाहेर पडण्यापूर्वीं व एक ते परतल्यावर घ्या. मधल्या महिन्यांत मूल ज्या आजीपाशीं राहतें त्या आजीस पालक समजा. त्यांच्या मुलांसाठीं जें हंगामी वसतिगृह असतें तें समितीमार्फतच चालावयाचें असतें. तेव्हां तेथल्या जेवणाविषयीं बोलण्याचा पहिला अधिकार त्या आजीचा. आणि सहीची वही शाळेच्या बाहेर नेऊं नका!

यास फार पैसा लागत नाहीं, नवा हुकूम लागत नाहीं. शिक्षकानें खुर्ची सोडून सतरंजीवर बसण्याची तयारी लागते, आणि आईबापांनीं भीड सोडून बोलण्याची. जोतीरावांनीं मागितलेला, लोकांत मिसळणारा शिक्षक व्हावयाचें कीं नाहीं, हें आम्हां शिक्षकांच्या हातीं आहे. बायांनो, पुढच्या वेळीं वही घरीं आली तर सही करूं नका. “सभा कधी हाय ते सांगा, मी येते,” एवढेंच म्हणा, आणि या.

– एक खेडूत शिक्षक