मांजर मेले, पुढे काय?

मोटारीखाली मांजर सापडले, ही बातमी होत नाही. वृत्तपत्राच्या कचेरीकडे ती येत नाही, पोलीस चौकीच्या वहीत ती उतरत नाही, आणि महापालिकेच्या दप्तरात तिची नोंद झालीच तर ती मेलेले जनावर उचलून नेण्याच्या कामाखाली होते. घरातली पोरे दोन दिवस नीट जेवत नाहीत, आजीबाई गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून, त्याच वेगाने, तीच गाडी पुन्हा जाते. अशा विषयावर अग्रलेख खर्ची घालावा काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. महागाई आहे, बेकारी आहे, आपला स्वतःचा जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. एवढ्या गर्दीत संपादकांना मांजर कोठून आठवले, अशी थट्टाही होईल. ती थट्टा आम्ही आनंदाने सोसू. कारण ज्यांनी गल्लीत आयुष्य काढले आहे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: मांजर आणि दोन वर्षांचे पोर ही दोघेही रस्त्यावर एकाच रीतीने उतरतात. उभ्या गाडीच्या आडून, इकडेतिकडे न पाहता आणि धावत! ज्या चाकाला मांजर चुकवता आले नाही, त्या चाकाला उद्या पोर चुकवता येईल, अशी हमी कोण देणार?

कट्ट्यावरून पाऊल टाकले की रस्ता, अशी आपल्या जुन्या वस्तीची रचना आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ किंवा शहराच्या मध्यभागातील कोणतीही गल्ली घ्या. रस्ता हा तेथे घराचाच पुढचा भाग होता. तेथे पापड-कुरड्या वाळत, पोरे गोट्या खेळत, म्हातारी माणसे दिवेलागणीला येऊन बसत. घरात भाताची कणगी असे, कणगीपाशी उंदीर असत, आणि म्हणून घरात मांजर असे. ते फुकटचे खात नव्हते. घरच्या धान्याची राखण करून दुधाची वाटी कमावीत होते. टिळकवाडी-हिंदवाडीसारख्या मागाहून वसलेल्या भागांत आवारे आली, फाटके आली, परंतु मांजराला फाटक कसले? त्याच्या लेखी पलीकडच्या घराचा माळा आणि अलीकडच्या घराचा ओटा यांच्यामध्ये एक मोकळी जागा आहे, एवढेच. त्या मोकळ्या जागेला आपण रस्ता म्हणतो आणि तिच्यावर मालकी मोटारीची आहे असे मानतो, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली. पुढे काही रस्ते रुंद झाले, काँक्रीटचे झाले, गुळगुळीत झाले. गुळगुळीत रस्ता वाईट, असे आम्ही म्हणत नाही. खड्ड्यांची आरती ओवाळण्याइतके आमचे डोके फिरलेले नाही. तथापि वेग रोखण्याचे जे काम आजवर खड्डा इमानेइतबारे करीत आला होता, ते खड्डा बुजल्यावर दुसऱ्या कोणी तरी करावयास हवे होते. ते कोणी केले? मुख्य रस्त्यावर कोंडी झाली की दुचाक्या आणि मोटारी आडवाटेने गल्लीत शिरतात, आणि कोंडीत गेलेला वेळ गल्लीत भरून काढतात. गाडीच्या पाटीवर केए असो, एमएच असो की शेजारच्या गोव्याचे जीए असो, या बाबतीत सर्वांची राष्ट्रीय एकात्मता वाखाणण्याजोगी आहे!

थोडा हिशेब मांडून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरने ती ८ मीटरच्या आसपास जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतो. म्हणजे ५० चा गाडीवान ब्रेक दाबायला लागेपर्यंत गल्लीतली दोन-तीन घरे मागे गेलेली असतात. त्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ते अंतर चौपट होते. "ते एकदम मध्ये आले हो, काय करणार?" असे गाडीवाला म्हणतो आणि ते खोटे नसते. ते एकदमच येते. मांजर नेहमी एकदमच येणार आणि पोरही एकदमच येणार. वस्तीच्या रस्त्यावर एकदम कोणी तरी येईल, हे धरूनच गाडी चालवावयाची असते. जो ते धरीत नाही त्याला गाडी चालवता येत नाही, मग खिशात परवाना कितीही मोठ्या साहेबाच्या सहीचा असो.

आता कायद्याकडे वळू. सीमेच्या प्रश्नावर ज्या दोन राज्यांचे कधी पटले नाही, त्या दोन राज्यांच्या उच्च न्यायालयांचे या प्रश्नावर मात्र एकमत झालेले आहे. २०१८ साली बंगळुरात एक पाळीव कुत्रे मोटारीखाली मेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने गाडीचालकावरील खटला रद्द केला. बेदरकार वाहन चालविण्याचे कलम मनुष्यापुरते आहे, अपघातानंतर थांबून मदत देण्याचे मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलमही जखमी व्यक्तीसाठी आहे, आणि जनावर मारल्याचा गुन्हा ठरण्यास तसा हेतू असावा लागतो, असा त्या निकालाचा आशय. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात हेच सांगितले. एप्रिल २०२० मध्ये घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या दुचाकीखाली रस्त्यावरचे कुत्रे मेले होते. कुत्र्यामांजरांना पाळणारे पोटच्या पोरासारखे मानत असले तरी ती माणसे नव्हेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि नसता गुन्हा नोंदविल्याबद्दल शासनाला २०,००० रुपये त्या विद्यार्थ्यास देण्यास फर्माविले. पोट भरण्यासाठी धावणाऱ्या पोराच्या मानेवर फौजदारी ठेवू नये, हे आम्हांलाही मान्य आहे. त्याला इतक्या मिनिटांत पोहोच म्हणून पिटाळणारा व्यापार कोणत्याच आरोपपत्रात नसतो, हे जाता जाता नमूद करतो.

उरला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा. त्यात पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड लिहिलेला आहे. मांजरासाठी तेवढ्यात आज दूधही येत नाही.

ही उणीव आपल्याच देशात आहे असे नव्हे. प्राणिप्रेमाचा मोठा डंका पिटणाऱ्या इंग्लंडात १९८८ च्या वाहतूक कायद्याच्या १७० व्या कलमात, गाडीची धडक बसल्यास थांबणे बंधनकारक आहे अशा जनावरांची यादी आहे. तीत घोडा आहे, गुरे आहेत, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, बकरी आणि कुत्रा आहे. मांजर नाही! ज्याच्यावर धंदा चालतो किंवा जे राखणीला उभे राहते, तेच कायदा करणाऱ्यांच्या नजरेस पडले असावे. जून २०२४ पासून तेथे पाळीव मांजरांच्या अंगात ओळखचिप बसविणे सक्तीचे झाले, म्हणजे मेलेले मांजर कोणाचे हे निदान कळू शकते; तथापि थांबण्याची सक्ती त्या यादीने गाडीवाल्यावर केलेली नाही. गंमत अशी की, रात्री रस्त्याची कड दाखविणारे जे चकाकते खडे जगभर बसवले जातात, त्यांचे पेटंट १९३४ साली यॉर्कशायरच्या पर्सी शॉ नावाच्या माणसाने घेतले, आणि त्यांचे नाव 'कॅट्स आय'. मांजराचा डोळा गाडीवाल्याला वाट दाखवतो. मांजराला मात्र कायद्यात जागा नाही.

तेव्हा कायदा मेलेल्या मांजराची दाद घेणार नाही, हे गृहीत धरून चालावे. परंतु याच कायद्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे पोलीस अधिकाऱ्यांचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो. बेदरकार वाहन चालविण्याचा गुन्हा, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात आहे, तो ठरण्यास कोणी मरावेच लागते असे नाही. माणसाचा जीव धोक्यात येईल अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यावर गाडी हाकणे एवढे पुरेसे आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्याच गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, ठेवलेले आहेत. ज्या गल्लीत सायंकाळी पोरे खेळतात त्या गल्लीत साठच्या वेगाने गेलेली गाडी मांजरावरून गेली की पोरावरून, हा योगायोगाचा भाग आहे. धोका दोन्ही वेळा तोच होता. २०२२ या एका वर्षात या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मांजरांची गणती कोणीच केली नाही.

आणि रस्ता? त्याचा वेग बांधण्याचा अधिकार ११२ व्या कलमाने राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलेला आहे. एखाद्या भागापुरती, एखाद्या रस्त्यापुरतीही मर्यादा घालता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने सांगितले की, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग नसावा. ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ सालीच मुख्य रस्ते वगळून सर्व शहराला ही मर्यादा लावली. हॉलंडातील डेल्फ्टमध्ये तर सत्तरीच्या दशकात वस्तीचे रस्तेच निराळ्या रीतीने बांधले गेले. झाडे, बाके, वळणे अशी मांडणी की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागावे. आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचा आधारही मिळाला. हे वाचून कोणी म्हणेल, ते श्रीमंतांचे चोचले. अहो, आपल्या गल्लीत हे सारे आधीपासूनच होते! कट्टा होता, वळण होते, मध्येच पिंपळाचा पार होता. आपण पार पाडले, वळणे कापली, आणि आता हॉलंडची चित्रे पाहून माना डोलवतो.

आमच्याकडे उपाय म्हणून काय होते? एखादा गंभीर अपघात झाला की संतापलेले लोक रातोरात रस्त्यावर डांबराचा उंचवटा घालतात. त्याला ना रंग, ना आगाऊ फलक. अंधारात दुचाकीवरची बाई त्यावरून उडते आणि दुसरा अपघात होतो. गतिरोधक कसा असावा याचे शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली छापलेल्या नियमांनुसार तो ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, गोलाईचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी सुखाने पार होते आणि त्याहून वेगाने जाणाऱ्यास हिसका बसतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी फलक हवा. महापालिकेच्या अभियंत्यांनी आपापल्या प्रभागातील उंचवटे या मापाने एकदा मोजून पाहावेत, त्यांची करमणूक होईल. फलक कोणत्या भाषेत असावा, हा वाद आम्ही वर्षानुवर्षे घातला आहे आणि पुढेही घालू. या ठिकाणी मात्र आम्ही चित्रावरही समाधान मानू.

गाडीवानांच्या स्वभावाची आणखी एक मौज आहे. मांजर आडवे गेले की आमचा गाडीवान गाडी थांबवतो, दुसरे कोणी पुढे जाईपर्यंत वाट पाहतो, क्वचित देवाचे नावही घेतो. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, हेही त्याला घरातून ऐकून ठाऊक असते. अपशकुनासाठी दोन मिनिटे थांबणारा हा भाविक, मांजर आडवे येण्याआधी वेग मात्र पाच किलोमीटरनेही कमी करीत नाही. आणि त्याचा सोळा वर्षांचा चिरंजीव! वाढदिवसाला स्कूटर भेट देणाऱ्या पालकांनी २०१९ च्या दुरुस्तीतील १९९अ हे कलम एकदा वाचून पाहावे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही.

मांजर पाळणाऱ्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. मांजर आपले म्हणावयाचे आणि रात्रभर ते गल्लीच्या हवाली करावयाचे, हा दुटप्पीपणा झाला. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त भटकते, आणि नेमका तोच समय गाडीवाल्याला सर्वांत कमी दिसण्याचा. दिवा डोळ्यांवर पडला की ते पळण्याऐवजी जागीच खिळून राहते. म्हणून मुख्य जेवण त्याला संध्याकाळी द्यावे, म्हणजे ते त्या वेळेस घरी येते. मग दार लावून घ्यावे. बोक्याची वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी. जोडीदारिणीच्या शोधात चार गल्ल्या ओलांडणे त्यानंतर पुष्कळच कमी होते. गळ्यात पट्टा घालावयाचा तर चकाकणारा, आणि झाडाझुडपात अडकल्यास आपोआप सुटणारा घालावा.

चाकाखाली सापडलेले मांजर पुष्कळदा जागच्या जागी मरत नाही. ते सरपटत एखाद्या पायरीखाली जाऊन लपते. गाडीवाल्याने थांबावे, जवळच्या दोन घरांत विचारावे, जाड टॉवेलात गुंडाळून ते आडवेच उचलावे, कारण दुखावलेले मांजर मालकालाही चावते, आणि जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. कायदा त्याला तसे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. आणि बेळगावच्या थंडीत मोटारीच्या इंजिनाची ऊब धरून मांजर बॉनेटच्या आत किंवा चाकावर निजते. सकाळी किल्ली फिरविण्यापूर्वी बॉनेटवर हाताची एक थाप मारावी. ते झोपाळू तोंडाने खाली उतरते, अंग ताणते, आणि शेजाऱ्याच्या कट्ट्याकडे निघून जाते.