‘फँड्री’तला दगड

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१४) अलीकडेच पाहिला. काळ्या चिमणीचा अर्थ काय, यावर आम्हां इस्लापूरच्या मित्रांत बराच काथ्याकूट झाला. मला तो प्रश्न गौण वाटतो. डुकरामागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबाला गाव हसते आणि, वाचकहो, थोडा वेळ आपणही हसतो! शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच ती माणसे ताठ उभी राहतात, डुक्कर निसटते. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ती शाळेच्या भिंतीवरल्या फुले-आंबेडकरांच्या चित्रांपुढून जातात. आडनाव ऐकून मैत्री ठरविणारे आपल्या वर्गांतही आहेत, मग त्या गावालाच का हसावे? शेवटी जब्या दगड भिरकावतो तो टर उडविणाऱ्या पोरावर. पडद्यावर मात्र तो थेट आपल्याच अंगावर येतो.