"बसते ना, मग चालते!"

आज पिकाचं नाही, गाडीचं. महिन्याआधी पुढचं स्प्रॉकेट बदललं. तवापासून खताची बॅग टाकली की सोनाळ्याकडचा चढ, जो तिसऱ्या गिअरमधी निघायचा, तो दुसऱ्यात घ्यावा लागे. प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केलं, पैसे गेले. शेवटी कव्हर खोलून दाते मोजले. जुन्याला 14, नव्याला 15!

मिस्त्री म्हणे, "बसते ना काका, मग चालते. एका दातानं काय होते?"

काहून नाही होत? मागं 42 दाते. चाकाच्या एका फेऱ्याला 14 वालं 3 वेळा फिरते, 15 वालं 2.8 वेळाच. ओढ तितकी कमी, अन् ओझ्यात क्लच जळतो आपला. रिकाम्या गाडीवर फिरणाऱ्याले हे समजत नाही.

चेनचा नंबरही पाहा. 420 अन् 428, दोन्हीत पिनपासून पिन अर्धा इंचच, पण रुंदी वेगळी. म्हणून चुकीचं स्प्रॉकेटही बसल्यावाणी वाटते.

बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर आपण वाचतो, मग इथं डोळे झाकून काहून? जुनं स्प्रॉकेट दुकानात न्या, काउंटरवरच दाते मोजा. मिस्त्री चिडला तर चिडू द्या.