तळे कोणी नासवले? अँटिबायोटिक, आमची लेकरे आणि 'तुम्ही लोक'



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या दीड वर्षाच्या एका पोराला जुलाब लागले. आई चार घरची धुणीभांडी करणारी. एक दिवस खाडा केला की पगार कापला जातो. तिने पोराला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले. दोन मिनिटांत तपासणी झाली, एक इंजेक्शन टोचले गेले आणि चिठ्ठीवर अँटिबायोटिकची बाटली आली. मीठ-साखरेच्या पाण्याचे नावही कोणी काढले नाही. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले. आम्ही त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात धावलो. पोर वाचले. पण सगळ्यांसमोर त्या आईला ऐकावे लागले, "तुम्ही लोक मनाने काहीही औषधे देता, म्हणून आता कुठलेच औषध लागू पडत नाही."

ती बाई काहीच बोलली नाही. तिच्या मुठीत दवाखान्याची चिठ्ठी होती. मनाने तिने काहीच दिले नव्हते.

'तुम्ही लोक' हे दोन शब्द आम्हाला नवे नाहीत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा तळे बाटले म्हणून शेण-गोमूत्राचे १०८ घडे ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. आमच्या स्पर्शाने तेव्हा तळे बाटत होते, आज आमच्या अडाणीपणाने औषधे बाटतात असे सांगितले जाते. म्हणून आम्ही विचारतो, हे तळे खरोखर कोणी नासवले?

आधी विज्ञान समजून घेऊ, कारण विज्ञान सोडून आमचे भांडणच नाही. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, विषाणूंना नाही. मुलांची सर्दी, साधा खोकला आणि बहुतेक पातळ जुलाब विषाणूंमुळे होतात. तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट प्रत्येक विनाकारण डोसाबरोबर शरीरातले कमजोर जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच अपुऱ्या डोसाच्या या धोक्याचा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर पाचातला जवळपास एक बळी पाच वर्षांखालच्या बालकाचा होता.

म्हणजे प्रश्न खरा आहे. पण दोष कोणाच्या माथी मारायचा, हे मात्र राजकारण आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. सेफिक्झिमसारखी औषधे विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे. आपल्या गल्लीतल्या किती दुकानांत ते रजिस्टर दिसते? ते तपासायचे काम धुणीभांडी करणाऱ्या आईचे की पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे?

कोंबड्यांचेही तेच. कोलिस्टिन हे शेवटचे हत्यार मानले जाणारे औषध. बाकी सगळे हरले की अतिदक्षता विभागातल्या तान्ह्या बाळाला ते दिले जाते. तेच औषध आपल्या देशात कोंबड्यांची वाढ लवकर व्हावी म्हणून खाद्यातून दिले जात होते. त्यावर बंदी यायला जुलै २०१९ उजाडले. तो नफा कोणी कमावला? आमच्या वस्तीने नाही.

आणि पाणी? जिथे गटार आणि नळाची पाइप एकमेकींना चिकटून जातात, तिथे जुलाब दर पावसाळ्यात येणारच. चाळीस घरांना दोन संडास, उघडी नाली, तुंबलेला मैला. चिवट जिवाणू याच वाटेने एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो. ज्या सोसायटीत चोवीस तास स्वच्छ पाणी आहे, तिथल्या मुलाला मुळात औषधच कमी लागते. आधी आमचे पाणी नासवायचे, मग त्या पाण्याने आजारी पडलेल्या लेकराला घाईघाईत इंजेक्शन टोचायचे आणि शेवटी म्हणायचे, तुम्ही लोक अडाणी.

अर्धी बाटली पाजून उरलेली दुसऱ्या पोरासाठी ठेवणे चूकच आहे. पण ती बाई तसे का करते? कारण दुसऱ्यांदा दवाखान्यात जायचे म्हणजे फी आणि बुडालेली मजुरी. गरिबीने केलेली ही काटकसर आहे. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्याने आधी एक महिना त्या पगारात घर चालवून दाखवावे.

आता काही शहाणे उपाय सांगतात की चिठ्ठीशिवाय विक्रीवर कडक बंदी घाला, प्रश्न सुटला. आम्ही नियमाच्या विरोधात नाही. पण नुसती बंदी घालून जवळ डॉक्टरच दिला नाही, तर न्यूमोनियाचे लेकरू वाटेतच मरेल. आपल्या पोरांना नको तिथे अँटिबायोटिक मिळते आणि हवे तिथे वेळेवर मिळत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. म्हणून आमची मागणी केवळ 'कमी औषध' अशी नाही. योग्य लेकराला, योग्य औषध, योग्य वेळी, ही आमची मागणी आहे.

हे होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला आणि जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक द्यायला शिकवले. १९९९ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला होता. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि सलाइन संपत आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी क्षार-साखरेच्या पाण्यावर हजारोंना जगवले. ते पाणी पाजत होते रुग्णांचेच नातेवाईक. अडाणी म्हणून हिणवलेल्या हातांनी हे केले आहे.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलू, कारण आरसा फक्त दुसऱ्याला दाखवायचा नसतो. 'सुई मारली नाही तर तो कसला डॉक्टर', असे म्हणणारे आपल्यातही आहेत. ही मागणी दवाखान्याला हवीच असते, तिच्यावर त्याचा धंदा चालतो. दुसरीकडे काही जण अँटिबायोटिकच्या भीतीने अंगारा, गंडा, गोमूत्राकडे वळू पाहतात. त्यांना आम्ही ठणकावून सांगतो, ही वाट आपली नाही. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. पेनिसिलिन सापडले १९२८ साली आणि सामान्यांच्या हाती यायला आणखी बरीच वर्षे लागली. ज्या काळात हे औषध नव्हते, तो काळ आपल्या घरांनी पाळण्यांसकट सोसला आहे. म्हणून ते वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. श्रीमंताच्या पोराला पहिले औषध लागू पडले नाही तर दुसरे, तिसरे, महागडे मिळेल. आमच्या पोराला पहिलेच लागू पडले पाहिजे.

मग करायचे काय?

पहिले, प्रत्येक बुद्धविहारात एक रविवार यासाठी द्या. आयांना आणि बापांनाही श्वास मोजायला शिकवा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील, छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, झटके येत असतील, तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना. दोन महिन्यांच्या आतले बाळ तापले किंवा दूध ओढेनासे झाले तरी तेच.

दुसरे, जुलाबाला ओआरएस आणि झिंक. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. शौचातून रक्त पडले तर डॉक्टर.

तिसरे, डॉक्टरला विचारा, "हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी? किती दिवस?" विचारणे म्हणजे उद्धटपणा नाही. सांगितले तेवढे दिवस द्या, उरलेले दुसऱ्याला देऊ नका.

चौथे, लसी चुकवू नका. रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकलची लस सरकारी केंद्रात फुकट आहे. टळलेल्या आजाराला औषध लागत नाही.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आपल्या आरोग्य केंद्रात अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक किती दिवस संपलेले होते? एच-१ च्या रजिस्टरची तपासणी शेवटची कधी झाली? वस्तीचे पाणी कधी तपासले? संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे लक्ष्य ठेवले होते. त्याचा हिशोब मागा. १४ एप्रिलच्या डीजेचा खर्च थोडा कमी करून हा लढा उभा राहत असेल, तर बाबासाहेबांना तेच अभिवादन ठरेल.

महाडला आपण पाण्यासाठी भांडलो ते फक्त तहान भागवायला नाही, तर सार्वजनिक गोष्टीवर माणूस म्हणून आपला हक्क आहे हे सांगायला. अँटिबायोटिकही असेच एक सार्वजनिक तळे आहे. ते नासवणारे वेगळे आणि दोष खाणारे वेगळे, हे आम्ही चालू देणार नाही. ते तळे राखणे हीही आपलीच जबाबदारी आहे, कारण ते आटले तर सगळ्यात आधी आपलीच लेकरे तहानेने मरतील.

पुढच्या वेळी कोणी 'तुम्ही लोक' म्हणाले, तर गप्प बसू नका. मुठीतली चिठ्ठी उघडून समोर धरा.

जयभीम.